गाण्याचा भाव



गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आपला माल गेला की हातात हिशोबाची पट्टी येते. वजन किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती, गाडीभाडं किती, सगळं वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. पोतं उचलणाऱ्याच्या कष्टालाही दर आहे, आणि तो असायलाच हवा. पण गावात रात्र रात्र एकतारीवर गाणाऱ्या बाईचा दर कुठं लिहिलेला असतो? तिच्या पदरात पसाभर जोंधळे पडतात, नाहीतर "गळा गोड आहे हो" एवढं कौतुक. आज त्याच्यावरच बोलूया.

छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांना तुम्ही मोबाईलवर ऐकलं असेल. हातात एकतारी आणि खणखणीत आवाजात भीमगीतं. त्यांचे वडील एकतारीवर गायचे. ते ऐकत ऐकतच त्या शिकल्या. पुढं नवरा गेला, लेकरं पदरात. तेव्हा वडिलांची ती विद्याच कामी आली. एकतारी घेऊन त्या दारोदार गायल्या आणि मुलांना वाढवलं. नंतर त्यांची गाणी मोबाईलवरून लाखो लोकांपर्यंत पोचली, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमांना बोलावणी येऊ लागली. दाराबाहेर उभं राहून गाणाऱ्या बाईला लोकांनी मंचावर बसवलं. गळा तोच, एकतारीही तीच. बदलली ती ऐकणाऱ्याची नजर.

आता तुम्हाला दुसऱ्या एका छोट्या वाद्याची गोष्ट सांगते. त्याचं नाव युकुलेले. दिसायला गिटारचं पिल्लू, तारा चार, कडेवर मूल घ्यावं तसं धरायचं. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं जहाजानं हवाई बेटांवर गेली. कशाला? उसाच्या मळ्यात मजुरी करायला! सोबत त्यांनी आपलं छोटं तारवाद्य नेलं होतं. त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी तिथं तशी वाद्यं बनवायला घेतली, आणि त्यातूनच युकुलेले घडलं. हवाईच्या राजालाही ते आवडलं. म्हणजे ऊसमजुरांचं वाद्य राजवाड्यात गेलं. आज जगभर कितीतरी वादक युकुलेले वाजवून आणि शिकवून पोट भरतात. पुण्यातही मुलं फी भरून ते शिकतात.

मग एकतारी शिकवायची फी का नको? एका तारेवर सूर धरायचा, त्यात आपला आवाज मिळवायचा, बोटानं लय सांभाळायची, हे काही आपोआप येत नाही. त्यामागं वर्षांची मेहनत असते. कार्यक्रम सणावारी असतात, शिकवणी मात्र बारा महिने चालू शकते. आणि बाईनं शिकवलं नाही, तर तिची विद्या तिच्याबरोबरच जाते.

म्हणून बचत गटांना माझं सांगणं आहे. कुणा कलाकार बाईला बोलावलंत, तर मानधन आधी ठरवा. येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरा. पैसे ती घरी निघण्याआधी हातात द्या. पत्रिकेवर तिचं नाव छापा. मोबाईलवर गाणं टिपायचं असेल, तर आधी तिला विचारा. आणि जमलं तर आठवड्यातून दोन दिवस, तासभर, गावातल्या मुलींना तिच्याकडं बसवा. फी थोडी असू द्या, पण असू द्या.

कलाकार मैत्रिणींनो, तुम्हीही एक करा. पत्रिका, फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं एका पिशवीत जपून ठेवा. राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं मानधन योजना आहे. २०२४ पासून त्यात महिन्याला ५,००० रुपये मिळतात. साधारण पन्नाशीनंतर अर्ज करता येतो, उत्पन्नाची अटही असते. पंचायत समितीत चौकशी करा. तिथं गळा कसा आहे ते कुणी विचारत नाही, पुरावा विचारतात.

पुढच्या बैठकीत एवढं एकच काम करा. आपल्या गावात गाणाऱ्या, वाजवणाऱ्या बाया किती, त्यांची नावं वहीत लिहा. आणि प्रत्येक नावापुढं एक रकाना मोकळा ठेवा, मानधनाचा.