शब्द कळले, बोलणे कळले नाही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझा विषय ऐकून पुष्कळजणींना हसू आले असेल. सातवी शिकलेल्या बाईने इंग्रजी वाक्प्रचारांवर बोलावे, हे धाडसच आहे. पण मला इंग्रजी शिकवायचे नाही. ते न कळल्याने काय झाले आणि पुढे मी काय केले, एवढेच सांगायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर नागपूरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात होते. आमचे हे औषधे आणावयास गेले होते आणि दाराशी मी एकटीच बसले होते. तेवढ्यात तरुण डॉक्टर बाहेर आले. ते दक्षिणेकडचे, मराठी त्यांना येत नव्हते. ते म्हणाले, "ही इज नॉट आऊट ऑफ द वुड्स येट." मला त्यातला 'आऊट' तेवढा ओळखीचा वाटला. आऊट म्हणजे बाहेर, तेव्हा भाऊजी धोक्याबाहेर असतील, असे मी धरून चालले. पुन्हा विचारायची लाज वाटली. मी मान डोलावली.

लगेच मोर्शीला धाकट्या जावेला फोन लावला. "काय म्हन्ते बाई डाक्टर?" तिने विचारले. "धोका टळला," मी सांगितले. तिने देवापुढे साखर ठेवली आणि दोन दिवसांनी चार घास खाल्ले. रात्री अकरा वाजता सहीसाठी बोलावणे आले, तेव्हा कळले की डॉक्टर नेमके उलटे सांगत होते. जंगलातून बाहेर पडले नाहीत, म्हणजे अजून जिवावरचे टळलेले नाही. ते तिला पुन्हा फोन करून सांगणे माझ्याच वाट्याला आले. देवाच्या दयेने भाऊजी नवव्या दिवशी घरी आले. पण त्या रात्रीचे तिचे रडणे माझ्या कानातून गेलेले नाही. चूक डॉक्टरांची नव्हती. इंग्रजी आले नाही ही माझीही चूक नव्हे. न कळता मान डोलावली, ही चूक.

घरी आल्यावर मी एक वही घातली. कानावर पडलेला इंग्रजी वाक्प्रचार, तो कोणी व कोणत्या प्रसंगी वापरला, आणि त्या प्रसंगी आपण मराठीत काय म्हणतो, असे तीन रकाने आखले. शब्दाला शब्द ठेवून काही निघत नाही, हे लवकरच ध्यानात आले.

आणि भगिनींनो, हे आपल्याला नवीन नाही. हळदीकुंकवाहून निघताना आपण "येते हं" म्हणतो आणि जातो. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो. दुकानदार दुकान 'वाढवतो' तेव्हा ते बंद करतो. भूक लागते, ठेच लागते, मुलाला नोकरी लागते, आणि दारही लागते. परक्या बाईने कोशात 'लागणे' शोधले तर तिची काय गत होईल? हे सारे आपण आईच्या तोंडून, त्या त्या प्रसंगी ऐकून शिकलो. इंग्रजीही तसेच शिकावे.

वहीतली काही उदाहरणे सांगते. 'पीस ऑफ केक' म्हणजे केकचा तुकडा नव्हे. आपला डाव्या हाताचा मळ. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. 'अंडर द वेदर' म्हणजे बरे वाटत नाही. 'लुक आफ्टर' म्हणजे मागे पाहणे नव्हे, सांभाळणे. आणि 'लुक फॉरवर्ड टु' म्हणजे आनंदाने वाट पाहणे. मुलाखतीनंतर "वी विल गेट बॅक टु यू" म्हणाले, तर ती नोकरी लागल्याची खूण नव्हे; 'कळवू' एवढाच त्याचा अर्थ. त्या भरवशावर मुलाने दुसरे काम सोडू नये.

एक वाक्प्रचार तर आपल्या संत्र्यांच्या मुलखासाठीच आहे असे वाटते. 'अ‍ॅपल्स अँड ऑरेंजेस', म्हणजे सफरचंद आणि संत्री. मी प्रथम त्यापुढे 'कुठे इंद्राचा ऐरावत, कुठे शामभटाची तट्टाणी' असे लिहिले. मुलीने ते खोडले. त्या म्हणीत एक थोर आणि एक क्षुद्र आहे. इथे मात्र दोन्ही फळे चांगलीच, पण जात वेगळी म्हणून तुलना करू नये, एवढेच. तेव्हा जोडी जुळवतानाही घाई करू नये.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत ते पहिलीपासून आले. म्हणून घरात मुलांना येते, आईला येत नाही, आणि आई गप्प बसते. २०१२ साली आलेल्या 'इंग्लिश विंग्लिश' चित्रपटातली लाडू करून विकणारी शशी गोडबोले आठवा. गौरी शिंदे यांना तो चित्रपट त्यांच्या आईवरून सुचला. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी सासरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना मराठी आणि मग इंग्रजी शिकवले. त्यापायी त्यांनी घरातल्या बायकांची किती बोलणी खाल्ली, ते १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात वाचावे. आपल्याला निदान बोलणी तरी खावी लागत नाहीत. थोडी लाज तेवढी गिळावी लागते.

दवाखान्यात, बँकेत, शाळेत कोणी इंग्रजीत बोलले आणि कळले नाही, तर मान डोलावू नका. "मला समजले नाही, साध्या शब्दांत सांगा," असे म्हणा. मग ऐकलेले आपल्या शब्दांत परत सांगून "असेच ना?" असे विचारा. यात कमीपणा नाही.

मंडळाने दर शनिवारी अर्धा तास अशी एक वही सर्वांनी मिळून लिहावी, अशी माझी विनंती आहे. पहिल्या पानावर काय लिहायचे ते मी सांगितलेच आहे. बोलण्यात काही चुकले असेल तर पदरात घ्यावे.

येते हं.