संशयाची शिस्त
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



हेरांच्या गोष्टी ऐकतच आपण लहानाचे मोठे झालो. बहिर्जी नाईकांचे नाव घेतले की वेषांतर, सांकेतिक बोली, शत्रूच्या गोटातली बित्तंबातमी असे सगळे डोळ्यांपुढे उभे राहते. मी ज्या कामाविषयी बोलणार आहे, त्याची दिशा उलटी आहे. आपल्या घरात दुसऱ्याचा हेर शिरला आहे का, हे शोधण्याचे हे काम. याला प्रतिहेरगिरी म्हणतात. एका सरकारी संशोधन संस्थेच्या सुरक्षा विभागात मी ते 26 वर्षे केले. संस्थेचे नाव आणि तिथले विषय मी सांगणार नाही. निवृत्तीने ते बंधन सुटत नाही. पण या कामाची रीत सांगता येते, आणि ती लोकांना कळली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

हे काम मुख्यतः वाचनाचे आहे. अभ्यागतांची नोंदवही, किल्ल्यांची वही, झेरॉक्सचा हिशेब, परदेश दौऱ्यावरून आल्यावर शास्त्रज्ञ देतात तो अहवाल, परिषदांची निमंत्रणे, कोणी कोणती फाइल किती वाजता उघडली याची संगणकातली नोंद. यातले प्रत्येक पान निरुपद्रवी असते. विश्लेषकाने ती पाने शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यांतून काही आकार दिसतो का ते पाहायचे. मात्र आकार सगळीकडेच दिसतो. ढगाकडे बराच वेळ पाहिले की त्यात हत्तीही दिसतो आणि माणसाचा चेहराही. म्हणून आकार दिसल्यावर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो : याचे दुसरे काही कारण असू शकेल का?

माझ्याच टेबलावरचे एक उदाहरण सांगते. 2007 चा उन्हाळा होता. किल्ल्यांची वही चाळताना एका शास्त्रज्ञाच्या नावापुढे ‘किल्ली परत : 22.40’, ‘22.35’, ‘22.50’ अशा नोंदी दिसू लागल्या. आठवड्यातून तीन दिवस, ठरावीक वारी. त्याच काळात त्यांच्या खात्यावरून छपाई वाढलेली. दोन महिन्यांपूर्वी एका परिषदेत परदेशी पाहुण्यांशी त्यांची ओळख झाल्याचे त्यांच्याच अहवालात होते. उशिरापर्यंत थांबणे, जास्त कागद, नवी परदेशी ओळख. तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या. वरिष्ठ म्हणाले, ‘‘वर कळवून टाकू या.’’ मी आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या दिवसांत महाराष्ट्र भारनियमनाने हैराण होता. वर्तमानपत्रात विभागवार वेळापत्रक यायचे. ते कापून आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टाचणीने लावत असू. एका संध्याकाळी कुकर लावता लावता माझी नजर त्या कात्रणावर गेली आणि मी तिथेच थबकले. दुसऱ्या दिवशी त्या शास्त्रज्ञांचा पत्ता काढला. शहराबाहेरची वस्ती. तिथले वेळापत्रक मिळवले आणि किल्ल्यांच्या वहीशेजारी ठेवले. ज्या वारी त्यांच्याकडे रात्री वीज नसे, त्याच वारी ते थांबत होते. महिन्याच्या एक तारखेला वेळापत्रक बदलले, तसे त्यांचे वारही बदलले. पण एवढ्यावर मी थांबले नाही, कारण दुसरे कारणही तपासूनच घ्यावे लागते. त्या रात्री उघडलेल्या फाइली पाहिल्या : त्यांच्याच एका शोधनिबंधाचे मसुदे, आणि निबंध प्रसिद्ध करायला संस्थेची लेखी परवानगी होती. मी फाइलवर एक ओळ लिहिली आणि प्रकरण बंद केले. ही गोष्ट मी शेवटी पुन्हा सांगणार आहे.

याचा अर्थ संशय घेऊच नये असा नाही. संशय न घेतल्याने काय होते, त्याचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे क्लाऊस फुक्स. हा जर्मन पदार्थवैज्ञानिक हिटलरच्या राजवटीतून निसटून इंग्लंडला आला. 1934 मध्ये ब्रिस्टलच्या जर्मन वकिलातीने तिथल्या पोलिसांना कळवले होते की हा माणूस कम्युनिस्ट आहे. ते फुक्सच्या फाइलला लागले. पण सांगणारे नाझी, म्हणून त्याला कोणी वजन दिले नाही. फुक्स 1941 मध्ये ब्रिटनच्या अणुबॉम्ब संशोधनात घेतला गेला, 1944 मध्ये अमेरिकेत लॉस अलामोसला पोहोचला आणि युद्धानंतर इंग्लंडमधल्या हार्वेल या सरकारी अणुसंशोधन केंद्रात सैद्धांतिक भौतिकी विभागाचा प्रमुख झाला. या सगळ्या काळात तो सोव्हिएत संघाला माहिती देत होता. वाईट माणसाने सांगितलेली गोष्टही खरी असू शकते. सांगणाऱ्याची पारख आणि सांगण्याची पारख वेगवेगळी करावी लागते, ती इथे झाली नाही.

फुक्स सापडला तो कागदांमुळे. वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन हॉल नावाची एक जुनी मुलींची शाळा अमेरिकी लष्कराने घेतली होती. तिथे 1 फेब्रुवारी 1943 रोजी जीन ग्रॅबील या तरुण शिक्षिकेने सोव्हिएत तारांचा ढीग लावायला सुरुवात केली. पुढे या प्रकल्पाला ‘व्हेनोना’ नाव पडले. या तारांची सांकेतिक लिपी अशी होती की किल्लीचे प्रत्येक पान एकदाच वापरून फाडून टाकायचे. मग ती फोडणे कोणालाच शक्य नाही. पण 1942 मध्ये, युद्धाच्या घाईत, मॉस्कोत हजारो पानांच्या दुसऱ्या प्रती छापल्या गेल्या. एकच पान दोनदा वापरले गेले, आणि तेवढ्या फटीतून आर्लिंग्टनची माणसे आत शिरली. डिसेंबर 1946 मध्ये मेरेडिथ गार्डनर या भाषापंडिताने 1944 ची एक तार उलगडली, तर तीत अणुबॉम्बवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे निघाली.

1949 मध्ये आणखी तारा उलगडल्या. एका ब्रिटिश शास्त्रज्ञाचे टोपणनाव, त्याच्या एका शोध-अहवालाचा विषय, आणि अमेरिकेत राहणारी त्याची बहीण, असे धागे हाती आले. अहवाल फुक्सचा होता, आणि त्याची बहीण मॅसॅच्युसेट्समध्ये राहत होती. वेगवेगळ्या तारांतून आलेले धागे एकाच माणसापाशी जुळले. कौटिल्याने अर्थशास्त्रात हेच सांगितले आहे : हेर एकमेकांना ओळखत नसावेत, आणि तिघांची बातमी एक आली तरच ती खरी धरावी. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हा नियम सांगितला होता. माझ्या त्या शास्त्रज्ञांच्या बाबतीतही तीन गोष्टी होत्या, मग फरक काय, असे तुम्ही विचाराल. फरक असा की त्या तिन्हींतली एकही गोष्ट गुन्ह्याची साक्ष देत नव्हती. उशीर ही साक्ष नव्हे, ओळख ही साक्ष नव्हे. तीन शून्यांची बेरीज शून्यच येते.

फुक्सच्या प्रकरणात अडचण पुढे आली. तारा न्यायालयात दाखवता येत नव्हत्या. व्हेनोनाचे अस्तित्वच गुप्त होते आणि ते 1995 पर्यंत अधिकृतपणे उघड झाले नाही. विश्लेषकाला जे कळते आणि जे सिद्ध करता येते, यांत अशी दरी असते. हार्वेलचे सुरक्षा अधिकारी हेन्री अरनॉल्ड यांची फुक्सशी मैत्री होती. ऑक्टोबर 1949 मध्ये फुक्स आपण होऊन त्यांच्याकडे आला आणि म्हणाला की माझ्या वडिलांना जर्मनीच्या सोव्हिएत विभागात, लाइपझिगला प्राध्यापकी मिळाली आहे, आता मी काय करावे? बोलण्याचे दार उघडले. डिसेंबरपासून एमआय-फाइव्ह या ब्रिटिश प्रतिहेर खात्याचे विल्यम स्कार्डन त्याला भेटू लागले. आरडाओरडा नाही, धाकदपटशा नाही. 24 जानेवारी 1950 रोजी फुक्सने स्वतः कबुली दिली. 1 मार्चला, दीड तासाच्या आत संपलेल्या सुनावणीत, 14 वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतरचा एक प्रसंग मी प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना नेहमी सांगत असे. फुक्सकडून कागद नेणारा दूत कोण, याचा शोध फिलाडेल्फियातल्या हॅरी गोल्ड नावाच्या रसायनतज्ज्ञापर्यंत आला. गोल्ड सांगत होता की मी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कधी गेलोच नाही. 22 मे 1950 रोजी एफबीआयची माणसे त्याच्या घराची झडती घेत होती. पुस्तकांच्या कपाटामागून एक घडीपत्रिका निघाली : न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहराचा नकाशा. पाच वर्षांपूर्वी, जून 1945 मध्ये, फुक्सला भेटायला जाताना रस्ता कोणाला विचारावा लागू नये म्हणून त्याने तो घेतला होता. ‘‘हे कुठून आले?’’ असे विचारताच गोल्ड खुर्चीत बसला, आणि थोड्या वेळाने त्याने सारे कबूल केले. पुरावा असा असतो. तो हातात धरता येतो, आणि त्याला दुसरे कारण उरत नाही.

आता उलट बाजू. त्याच लॉस अलामोसमध्ये, 50 वर्षांनंतर, वेन हो ली हे तैवानमध्ये जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ काम करत होते. डब्ल्यू-88 या अण्वस्त्राची माहिती चीनकडे गेल्याचा संशय आला. ती माहिती अनेक ठिकाणांहून गेलेली असू शकत होती, पण चौकशीने सुरुवातीलाच प्रयोगशाळा ठरवली आणि मग माणूस. लींनी गोपनीय संगणक फाइली टेपवर उतरवल्या होत्या, ही चूक खरीच होती. पण ती हेरगिरी आहे हे कधीच सिद्ध झाले नाही. डिसेंबर 1999 मध्ये 59 आरोप ठेवून त्यांना अटक झाली. 278 दिवस एकांत कोठडी. सप्टेंबर 2000 मध्ये एका आरोपाची कबुली घेऊन बाकीचे 58 मागे घेण्यात आले, आणि न्यायाधीश जेम्स पार्कर यांनी भर न्यायालयात त्यांची माफी मागितली.

या गदारोळात अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांना खोटे पकडण्याच्या यंत्रापुढे, म्हणजे पॉलिग्राफपुढे बसवण्याचा आग्रह वाढला. तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2002 मध्ये अभ्यास करून स्पष्ट सांगितले की कर्मचाऱ्यांच्या सरसकट चाचणीसाठी हे यंत्र पुरेसे अचूक नाही. कारण उघड आहे. हजारो प्रामाणिक माणसांत एखादाच हेर असेल, तर त्याला पकडायला जाळे बारीक करावे तसे शेकडो निरपराध त्यात अडकतात. आणि जाळे मोठ्या भोकांचे केले तर हेरच निसटतो.

आपल्या देशातले उदाहरण तर मनाला फार लागते. इस्रोचे नंबी नारायणन क्रायोजेनिक इंजिनाच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. 30 नोव्हेंबर 1994 रोजी केरळ पोलिसांनी त्यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक केली. क्रायोजेनिक तंत्रज्ञान विकल्याचा आरोप होता, आणि ते तंत्रज्ञान तोवर आपल्याकडेच तयार झालेले नव्हते! रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली आदल्याच वर्षी ते द्यायला नकार दिला होता. कोणता कागद गहाळ झाला, हा पहिला प्रश्न नीट विचारला असता तर पुढचे कितीतरी टळले असते. सीबीआयने 1996 मध्ये आरोपांत तथ्य नसल्याचा अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अटक अनावश्यक होती असे म्हणत 50 लाख रुपयांची भरपाई दिली ती 14 सप्टेंबर 2018 रोजी. म्हणजे 24 वर्षांनी. मधल्या काळात वर्तमानपत्रांनी काय काय छापले, ते ज्यांना आठवते त्यांनी आपल्या मनाला विचारावे.

2023 च्या मे महिन्यात पुण्यातल्या डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला महाराष्ट्र एटीएसने अटक केली, तेव्हा मला अनेकांचे फोन आले : ‘‘ताई, तुम्हाला काय वाटते?’’ मी एकच उत्तर दिले, ‘‘मी कागद पाहिलेले नाहीत.’’ आजही मी तेच म्हणेन. समाजमाध्यमांवरच्या खोट्या ओळखींतून शास्त्रज्ञांना जाळ्यात ओढण्याचे प्रयत्न होतात, हे खरे आहे, आणि प्रयोगशाळांतल्या तरुणांनी त्याबाबत डोळ्यांत तेल घालून राहिले पाहिजे. कोणी अनोळखी व्यक्ती फार आपुलकीने तुमच्या कामाविषयी विचारू लागली, तर त्याच दिवशी सुरक्षा विभागाला सांगा. पण त्यासाठी तो विभाग असा हवा की सांगायला येताना पाय अडखळू नयेत. फुक्ससारखा माणूससुद्धा अरनॉल्डकडे आपण होऊन आला, कारण ते दार त्याला बंद वाटले नाही. शास्त्रज्ञ ज्याला घाबरतात, त्या अधिकाऱ्याला काहीही कळत नाही.

या श्रोतृवर्गात बरीच तरुण मुलेमुली दिसत आहेत. तुमच्यापैकी कोणी या कामाकडे वळावे असे मला फार वाटते. भाषा येणारी, आकडेमोड येणारी, मुख्य म्हणजे चिकाटीने वाचणारी माणसे इथे हवी आहेत. पण येताना एक गोष्ट मनाशी पक्की करून या. ‘हा माणूस दोषी आहे’ हे लिहायला जेवढे धैर्य लागते, तेवढेच ‘इथे काहीही नाही’ हे लिहायला लागते. उलट थोडे जास्तच. कारण दोषी म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. निर्दोष म्हणणाऱ्याची सही मात्र कायमची फाइलवर राहते, आणि उद्या काही निघाले तर पहिला हात तिच्याकडे जातो.

त्या भारनियमनाच्या फाइलवर माझी सही आहे. ते शास्त्रज्ञ काही वर्षांनी निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी सगळ्या विभागांचे आभार मानले, आणि सुरक्षा विभागाचे नाव घेताना हसून म्हणाले, ‘‘रात्री उशिरा किल्ली परत घेताना यांनी कधी कुरकुर केली नाही.’’ समोर त्यांच्या पत्नी आणि मुलगी बसल्या होत्या. आठ दिवस त्यांचे नाव कोणत्या कागदावर होते, हे त्यांना माहीत नव्हते, आणि कधी माहीत होणारही नाही. मी पेढा घेतला आणि टेबलाशी येऊन पुढची वही उघडली.