‘कशावरून?’ हे विचारायला शिका
(धाराशिव जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या भावावर आज बरेच बोलून झाले. आता आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर पाहता शेतीचा नाही, पण आपल्या घरातला आहे. कोरडवाहू रानावर दोन भाऊ पोसत नाहीत. म्हणून एकाने औत धरायचे आणि दुसऱ्याने भरतीच्या मैदानावर पळायचे, ही आपल्याकडची जुनी वाटणी. पाऊस दगा देई तेव्हा फौजेतल्या भावाची मनिऑर्डर घर सावरायची. तो भाऊ पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याच्याही आधी, कंबर, कान, नाहीतर डोके बिघडवून घरी येतो. मागोमाग एक इंग्रजी पत्र येते: तुमचे दुखणे नोकरीमुळे झालेले नाही, अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही. पत्र ट्रंकेत जाते आणि माणूस रानात जातो. सरकारने एकदा नाही म्हटले म्हणजे संपले, असे तो धरून चालतो.

संपलेले नसते. त्या पत्राशी कसे भांडायचे, तेवढेच आज सांगायचे आहे.

एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ग्रेडर आठवत असेल. गाडीतला कापूस मुठीत धरून तो प्रत ठरवायचा आणि त्या एका शब्दावर आपले वर्ष ठरायचे. फौजेत हे काम वैद्यकीय मंडळ करते. जवान बाहेर पडताना मंडळ दोन गोष्टी कागदावर लिहिते. पहिली, दुखणे सेवेमुळे झाले किंवा सेवेमुळे वाढले का? दुसरी, अपंगत्व किती टक्के? सेवेशी संबंध मान्य झाला आणि अपंगत्व निदान २० टक्के भरले, तर पेन्शनचा हक्क लागू होतो. इंग्रजी कागदावर ‘नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’ असे शब्द आले, की हक्क नाकारला असे समजायचे.

इथे आपण विचारायचे: कशावरून?

मुरलीकांत पेटकर हे नाव आता सगळ्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आला. गोळीची जखम सगळ्यांना दिसते. पण तोफेच्या आवाजाने गेलेले कान, उंच बर्फात चढलेला रक्तदाब, रात्र-रात्र न येणारी झोप, फेफरे हे बाहेरून दिसत नाही. आम्ही शेतकी पदवी घेऊन गावोगाव फिरलो तेव्हा गुलाबी बोंडअळीने एक गोष्ट शिकवली. बोंड वरून टवटवीत असते आणि आत सरकी पोखरलेली असते. बोंड न फोडता ‘पीक चांगले आहे’ असा शेरा मारणारा माणूस पंचनामा करत नाही, सही करतो.

कायद्यानेही हेच म्हटले आहे. १९८२ च्या नियमांप्रमाणे भरतीच्या वेळी तपासणीत जो आजार नोंदला गेला नाही, तो जवानाला त्या वेळी नव्हता असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडून त्याला घरी पाठवले, तर ती सेवेमुळेच बिघडली असे मानायचे. जवानाने काही सिद्ध करायचे नाही, आणि शंका असेल तर तिचा फायदा त्यालाच द्यायचा. मंडळाचे मत उलटे असेल तर त्याने कारणे लिहायची.

धरमवीर सिंग हा सिग्नल कोअरचा जवान १९८५ साली भरती झाला आणि १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवला गेला. अपंगत्व २० टक्के, शेरा मात्र ‘सेवेशी संबंध नाही’. कारण काहीच लिहिलेले नव्हते. हिमाचलच्या उच्च न्यायालयात तो आधी जिंकला, मग अपिलात हरला. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल पुढे किती तरी जवानांच्या कामी आला. २०१४ साली त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: अपंग म्हणून ज्याला फौजेतून काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या वर आहे असेच धरले पाहिजे. ‘१५ टक्के’ लिहून घरी पाठवलेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता पैशाचा हिशेब. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम, हे सहाव्या वेतन आयोगापासूनचे माप. समजा पगार ३०,००० रुपये आणि अपंगत्व २० टक्के. सरळ हिशेबाने महिना १,८०० होतात. पण ५० च्या आतल्या टक्केवारीला ५० धरायचे असा नियम आहे. तसे धरले तर ४,५०० होतात, महागाई भत्ता वेगळा. हा लाभ आधी अपंग म्हणून काढलेल्यांनाच मिळत असे. पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितले. ज्यांची पेन्शन चालू आहे त्यांनीही आपला पेन्शनचा आदेश काढून पाहावा. आकडा २० चा आहे की ५० चा?

एक सावधगिरी. नियम सैन्य सोडल्याच्या तारखेवर ठरतात. २००८ साली नियम बदलले आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी कडक झाले. आपली तारीख पाहूनच अर्ज लिहावा. सुटीचेही नीट समजून घ्या. सुटीवर घरी असताना स्कूटरच्या अपघातात जखमी झालेल्या जवानाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली नाकारला. पण सुटीवर घरी येताना किंवा परत जाताना, वाटेत झालेला अपघात १९८२ च्या नियमांत सेवेतला धरला आहे. म्हणून रेल्वेचा वॉरंट, तिकीट, पोलिसांचा पंचनामा जपून ठेवा.

आता करायचे काय?

एक, ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, नकाराचे पत्र, लष्करी दवाखान्याचे कागद एकत्र करा.

दोन, वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची नक्कल मागवा. ती आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. देत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली दहा रुपये भरून मागा.

तीन, नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करा. ते फेटाळले तर दुसरे अपील संरक्षण मंत्रालयाच्या समितीकडे करा. अपिलात रडगाणे लिहू नका. भरतीच्या तपासणीत काय नोंदले होते, कुठे-कुठे नेमणूक झाली, दुखणे पहिल्यांदा कधी आणि कुठे उद्भवले, आणि मंडळाने कोणते कारण लिहिले, एवढे तारखांसह लिहा. पोच घ्या.

चार, तिथेही नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जा. २००७ च्या कायद्याने ते झाले आणि त्याचे खंडपीठ मुंबईला आहे. अंतिम नकारापासून तिथेही सहा महिन्यांची मुदत. अपिलाला सहा महिने उत्तरच आले नाही, तरी तिथे जाता येते.

जुन्या लोकांनी ‘आता उशीर झाला’ म्हणून बसू नये. पेन्शन दर महिन्याची असते, म्हणून तिचा अन्यायही दर महिन्याला नव्याने होतो. उशिरामुळे दावा मरत नाही. मात्र थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले आहे. म्हणजे बसून राहिलेला प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो.

वकिलाच्या खर्चाला भिऊ नका. १९८७ च्या कायद्याने अपंग व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, मग सातबारा कितीही एकरांचा असो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. अर्जाच्या मदतीला धाराशिवचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ‘काम करून देतो, थकबाकीत हिस्सा द्या’ म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका.

मायबहिणींना वेगळे सांगतो. माणूस रात्री ओरडत उठत असेल, घरात बोलत नसेल, तर त्याला देवऋष्याकडे नेऊ नका. तो सेवेतून आणलेला आजार असू शकतो, आणि मनाच्या आजारालाही हाच कायदा लागू आहे. डॉक्टरकडे न्या आणि कागद ठेवा.

आणि बैठकीला आलेल्या प्रत्येकाने एक काम अंगावर घ्यावे. उमरग्यापासून परंड्यापर्यंत, आपापल्या गावात आजारी होऊन परतलेला किंवा नकाराचे पत्र घेऊन बसलेला कोण आहे, त्याची यादी करावी. पुढच्या बैठकीला ती यादी आणि त्यांची पत्रे घेऊन या. प्रत्येक पत्राखाली आपण एकच प्रश्न लिहू: कशावरून?