दोन्ही पोटऱ्या मोजा



1940 च्या सप्टेंबरपासून लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले. हजारो माणसे आसऱ्याच्या तळघरांत रात्र काढू लागली. आडवे व्हायला जागा नव्हती, म्हणून कापडी आरामखुर्चीत बसूनच झोपायचे. खुर्चीचा पुढचा लाकडी दांडा तासन्‌तास मांड्यांखाली रुतायचा. शवविच्छेदन करणारे डॉक्टर कीथ सिम्प्सन यांच्या लक्षात आले, की फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावलेल्यांची संख्या आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा सुमारे सहापट झाली आहे, आणि त्यांतले बरेचसे लोक या आसऱ्यांतले आहेत. त्याच वर्षी त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये छापले. यावर जो उपाय निघाला तो औषधाचा नव्हता. खुर्च्या काढून पाय पसरता येतील असे बंक बसवायचे, एवढाच तो होता.

ही गोष्ट परिचर्येच्या परिषदेत सांगण्याजोगी आहे, कारण गुठळी टाळण्याचे निम्मे काम आजही खाट, पाय आणि पाणी यांच्या व्यवस्थेचे आहे. ते काम ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातात असते. राउंडला येऊन गेलेल्या डॉक्टरला रुग्णाची पोटरी क्वचितच दिसते, ती चादरीखाली असते.

रुडॉल्फ विर्खोव्ह यांच्या नावाने शिकवली जाणारी गुठळीची तीन कारणे सगळ्यांना पाठ आहेत: रक्त साचणे, नस दुखावणे आणि रक्ताचा गोठण्याकडे वाढलेला कल. विर्खोव्ह यांचा जन्मदिवस 13 ऑक्टोबर, तोच आता जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो. खुब्याची शस्त्रक्रिया झालेले आजोबा ही तिन्ही कारणे एकदम घेऊन पडलेले असतात, हे मात्र परीक्षेनंतर विसरायला होते.

गुठळी ओळखण्याच्या बाबतीत सेरेना विल्यम्सचे उदाहरण बोलके आहे. 2017 मध्ये सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी तिला दम लागला. फुफ्फुसातल्या गुठळीचा त्रास तिला आधी होऊन गेला होता आणि शस्त्रक्रियेसाठी रक्त पातळ करणारे औषध थांबवले होते. सीटी स्कॅन करा, हेपॅरिन सुरू करा, असे तिने स्वतः सांगितले. सिस्टरला वाटले, वेदनाशामकामुळे बाई गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, तिच्यात काही सापडले नाही. मग सीटी झाला आणि फुफ्फुसांत गुठळ्या दिसल्या. जगप्रसिद्ध खेळाडूची ही कथा! आपल्या वॉर्डातल्या बाईला सीटी वगैरे शब्द ठाऊक नसतात. ती म्हणते, ‘जीव घाबरा होतोय.’ तिला उत्तर मिळते, ‘गॅस झाला असेल.’

अचानक लागलेला दम, खोल श्वास घेताना छातीत भरणारी कळ, वाढलेली नाडी, खाली येणारा ऑक्सिजन, कधी रक्ताची थुंकी, कधी चक्कर: यांतले एखादे जरी दिसले तरी रुग्णाला एक्स-रेसाठी चालवत नेऊ नये. ऑक्सिजन लावून डॉक्टरांना बोलवावे आणि ते येईपर्यंत जवळ थांबावे.

पायातल्या गुठळीची खूण याहून शांत असते. एकच पाय सुजतो, गरम लागतो, जड वाटतो. पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का पाहण्याची होमन्स चाचणी अजून शिकवली जाते, पण तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. गुडघ्याखाली नडगीच्या हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त निघाला तर गुठळीची शक्यता मोजणाऱ्या वेल्स गुणांकनात त्याला एक गुण आहे. आकडा केसपेपरवर तारखेसह लिहावा, नाहीतर पुढच्या पाळीला तो कळणार कसा? आणि पोटरी धरली म्हणून नातेवाईक तेल लावून चोळायला बसतात, त्यांना आधी थांबवावे; रागावून नव्हे, कारण सांगून.

प्रतिबंधाचा पुरावा जुना आहे आणि त्यात एका भारतीयाचे नाव आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले शल्यविशारद विजय कक्कर यांच्या नेतृत्वाखाली 4121 रुग्णांवर झालेली चाचणी 1975 मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्वचेखाली हेपॅरिनचा छोटा डोस मिळालेल्या गटात फुफ्फुसातल्या गुठळीने 2 रुग्ण दगावले. न मिळालेल्या गटात 16. यानंतर तेहतीस वर्षांनी, 2008 मध्ये, 32 देशांतल्या 68,183 रुग्णांची पाहणी छापून आली. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना गुठळीचा धोका होता. भारतातल्या अशा रुग्णांपैकी योग्य प्रतिबंध मिळालेले होते जेमतेम 17 टक्के.

पायमोज्यांवर मात्र आपली श्रद्धा जरा जास्तच आहे. पक्षाघाताच्या रुग्णांना मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालून काही फायदा झाला नाही, उलट त्वचेला जखमा वाढल्या, हे 2009 च्या क्लॉट्स चाचणीत दिसले. हवेने पाय दाबणाऱ्या पट्ट्यांनी अशाच रुग्णांतले गुठळीचे प्रमाण 12.1 वरून 8.5 टक्क्यांवर आले. पण शौचाला जाताना सोडलेली पट्टी परत बांधली गेली तरच. ती बहुधा खाटेखाली सापडते.

उपचार सुरू झाल्यावर खरी परिचर्या सुरू होते. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नये, पोटाची घडी चिमटीत धरून टोचावे, नंतर चोळू नये. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शने टाळावीत. हिरड्या, लघवी, काळी शौच यांची रोज चौकशी व्हावी. वॉरफरिन म्हणजे उंदराचे विष ना, असे रुग्णाने विचारले तर खोटे बोलू नये. 1948 मध्ये ते त्यासाठीच बाजारात आले होते, आणि 1955 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही हृदयविकारानंतर तेच दिले गेले. मेथी-पालक बंद करू नका, रोजचे प्रमाण सारखे ठेवा, हे सांगावे. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नका, हे दोनदा सांगावे.

सर्वांत जास्त काळजी बाळंतिणीची वाटते. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने फार जोखमीचे, आणि आपला सव्वा महिना नेमका त्याच काळात येतो. विश्रांती हवीच. पण खाट न सोडणे आणि काही घरांत पाणीही मोजून देणे, ही विश्रांती नव्हे. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झटके, एका बाजूचा हात लुळा पडणे ही मेंदूतल्या शिरांमधल्या गुठळीची लक्षणे असू शकतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा बाळंतिणींचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. घरी मात्र ‘बाहेरचं काही लागलंय’ म्हणून दोन दिवस अंगाऱ्यात जातात.

दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळाला पाहायला घरी येतात. त्याच सहा भेटींत आईला चार प्रश्न विचारावेत: एकाच पायाला सूज आहे का, दम लागतो का, डोकेदुखी वाढते आहे का, दिवसभरात पाणी किती पिता? या प्रश्नांचा मसुदा दुपारच्या सत्रात चर्चेला घ्यावा आणि त्यात आशाताईंना आधी बोलू द्यावे.