गाडी नावावर, तर जोखीमही नावावर

आज आपण गाडीच्या विम्याबद्दल बोलू. हे पुरुषांचं काम, ते बघतील, असं म्हणून उठू नका. आता पुष्कळ घरांत दुचाकी बाईच्या नावावर असते. कर्ज तिच्या नावावर निघालं, म्हणून गाडीही तिच्या नावावर. चालवतो मात्र नवरा, नाहीतर मुलगा. म्हणून हे आपल्यालाच माहीत हवं.

रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला 'थर्ड पार्टी' विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी दगावलं, तर त्याची भरपाई या विम्यातून मिळते. विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

या विम्याचा दर सरकार ठरवतं. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला २०२२ साली ठरलेला दर वर्षाला ७१४ रुपये, कर वेगळा. आता लक्ष द्या. हा दर इंजिनावर ठरतो, चालवणाऱ्यावर नाही. दारू पिऊन पकडला गेलेला आणि सरळ चालवणारा, दोघांना हप्ता एकच. मग बेफिकिरीची किंमत कोण मोजतं? पुष्कळदा मोजते ती गाडीची मालकीण.

ते कसं, सांगते. समजा, नवरा दारू पिऊन गाडी घेऊन गेला, किंवा त्याच्याकडे लायसनच नाही, आणि वाटेत कुणाला धडक बसली. प्रकरण अपघात भरपाईच्या कोर्टात जातं. जखमी माणसाची त्यात काय चूक? म्हणून कोर्ट पुष्कळदा कंपनीला सांगतं, आधी भरपाई द्या, मग ती मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे आर.सी. बुकावर नाव असलेली तुम्ही. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होऊ शकते. रक्कम लाखांत असते. आणि विम्याची मुदतच संपलेली असेल, तर कंपनी मधे येतच नाही, सगळा बोजा थेट तुमच्यावर.

पण सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एक गोष्ट स्पष्ट केली आहे. लायसन नव्हतं एवढं दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने काळजी घेतली नाही, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. म्हणजे किल्ली कुणाच्या हाती दिली, याला फार महत्त्व आहे.

अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा आणखी कडक आहे. पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन मिळत नाही. "शेतापर्यंतच तर जातो," हे उत्तर तिथे चालत नाही.

गाडी विकली तरी नाव बदललं का, ते बघा. कोऱ्या फॉर्मवर सही करून गाडी देऊन टाकली आणि आर.सी. वर तुमचंच नाव राहिलं, तर त्या गाडीच्या अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागितली जाते.

आणखी एक. पॉलिसीत 'मालक-चालक' असं १५ लाखांचं कवच असतं. ते मालकाने स्वतः गाडी चालवताना अपघात झाला तर. त्यालाही लायसन लागतं. गाडी तुमच्या नावावर आणि चालवणारा नवरा, तर हे कवच आपोआप त्याला मिळेल असं धरून बसू नका. विमा घेतानाच विचारा, घरातल्या चालवणाऱ्याचं काय?

आता कराल काय? आजच पेटी उघडा आणि तीन कागद बाहेर काढा. आर.सी. वर नाव कुणाचं? पॉलिसी कोणत्या तारखेला संपते? चालवणाऱ्याचं लायसन चालू आहे का? ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

प्यायलेल्या माणसाला किल्ली नाकारणं एकट्या बाईला सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे काम गटाने करावं. वाहनासाठी कर्ज देताना लायसन आणि विमा बघायचा, असा ठराव करा. दरवर्षी एका बैठकीत सगळ्यांच्या पॉलिसीच्या तारखा वाचा. मग घरी सांगता येतं, "गटाचा नियम आहे, माझ्या एकटीचा नाही." एकटीच्या शब्दाला जे वजन मिळत नाही, ते दहा जणींच्या ठरावाला मिळतं.

पुढच्या बैठकीला येताना पॉलिसी सोबत आणा.