‘हे खरे नाही’ हे कोण लिहितं?

(भरे, ता. मुळशी येथील शिबिरात आमच्या एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलली तसंच ठेवलं आहे, फक्त मध्ये मध्ये लोकांनी विचारलेलं गाळलं आहे.)

 

काल दिवसभर वनहक्काच्या दाव्यांवर बोलणं झालं. आज मला सांगितलंय की आमदार लोक सरकारला प्रश्न विचारतात ते कसे विचारतात, आणि त्यातलं आपल्या वाडीपर्यंत काय येतं, यावर बोल. मी बारावी झालेय, वकील नाही. पण विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या मिळतात, त्या मी वाचत असते. भाषा जड असते, पण दहा-वीस प्रश्न वाचले की कळतं, सगळे एकाच साच्यातले. त्या साच्यातला एक नमुना मी लिहून आणलाय, तो वाचते. नीट ऐका.

“मुळशी तालुक्यातील कातकरी वाड्यांना जोडणारा रस्ता नसल्याने रुग्णांना डोलीतून न्यावे लागते, हे खरे आहे काय, असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?”

झाला प्रश्न. आता त्याच साच्यातलं उत्तर ऐका. “एक, हे खरे नाही. दोन, प्रश्न उद्भवत नाही. तीन, प्रश्न उद्भवत नाही. चार, प्रश्न उद्भवत नाही.”

तुम्ही हसताय, पण असं उत्तर पुष्कळ वेळा येतं. पहिल्याला ‘खरे नाही’ म्हटलं की खालचे तिन्ही आपोआप मरतात. बाई डोलीत होती, पोटात कळा होत्या, चौघांनी खांद्यावरनं उतरवली, आणि कागदावर तिचा प्रश्न उद्भवतच नाही.

आता मला सांगा, हे ‘खरे नाही’ लिहिलं कुणी? तुम्ही म्हणाल मंत्र्यानं. मंत्री काय आपला डोंगर चढून आला होता का? तो प्रश्न कुठनं कुठं जातो ते बघा. आमदाराने लिहून दिलेला प्रश्न विधान भवनातून मंत्रालयात त्या खात्याकडे जातो. खात्यातला अधिकारी तो कलेक्टर कचेरीला धाडतो. कलेक्टर कचेरीतनं तो आपल्या पौडला तहसीलला येतो. तहसीलातनं सर्कलकडे, सर्कलकडनं तलाठी भाऊसाहेबांकडे. जंगलाचा विषय असला तर डीएफओकडनं रेंजर, रेंजरकडनं गार्ड. रस्त्याचा असला तर झेडपीचं बांधकाम खातं. आणि मग आला त्याच वाटेनं उत्तर वर चढतं, प्रत्येक टेबलावर थोडं थोडं गुळगुळीत होत. मंत्री शेवटी ते वाचून दाखवतो.

म्हणजे ज्या टेबलाबद्दल आपली तक्रार, त्याच टेबलावर तिचं उत्तर लिहिलं जातं. मुंबईला किंवा नागपूरला नाही, इथं आपल्या तालुक्यात. मला वाटतं आजच्या दिवसात एवढं एक डोक्यात बसलं तरी पुष्कळ.

आणि त्यांच्याकडे वेळ किती असतो? वरनं फोन येतो, आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा. मग कोण चालत वाडीवर येतो? तो फाईल उघडतो. फाईलीत आपला अर्ज नसला की लिहितो, ‘सदरबाबत तक्रार प्राप्त नाही’. हेच वर जाता जाता ‘हे खरे नाही’ होतं. मी म्हणत नाही की तो माणूस दर वेळी खोटं लिहितो. त्याच्या फाईलीत आपण नसतो, म्हणून तो तसं लिहू शकतो.

आमच्या वाडीचं सांगते. हातपंपासाठी आम्ही एका कचेरीत तीन अर्ज दिले. दोन वेळा बाबू म्हणाला, “ठेवा इथं, साहेब आले की देतो.” पोच दिली नाही. तिसऱ्या वेळी आम्ही पोच घेतल्याशिवाय हललो नाही, चार बाया दारातच बसल्या. पुढं माहितीच्या अधिकारात विचारलं, किती अर्ज आले? उत्तर आलं, एक. दोन उन्हाळे असे गेले. म्हणून सांगते, अर्ज देणं म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेणं. त्याच्याशिवाय दिलेला कागद चुलीत घातल्यासारखाच.

आता सभागृहातलं सांगते. आपली विधानसभा २८८ आमदारांची. वर्षात तीन अधिवेशनं, अर्थसंकल्पाचं आणि पावसाळ्याचं मुंबईला, हिवाळ्याचं नागपूरला. प्रश्नोत्तराचा एक तास असतो. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याच्यावर चांदणी असते, त्याचं उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं. अतारांकित म्हणजे नुसतं लेखी उत्तर. तासाभरात थोडेच प्रश्न बोलून होतात, बाकीचे छापील राहतात. म्हणून ‘आमदारसाहेबांनी प्रश्न टाकलाय’ एवढ्यावर खूष होऊ नका. टाकलेला प्रश्न आणि बोलला गेलेला प्रश्न यात लय अंतर आहे. याशिवाय लक्षवेधी सूचना असते, त्यात मंत्र्याला निवेदन करावं लागतं. अर्धा तास चर्चा असते, बजेटात कपात सूचना असते. सगळी नावं पाठ करायची गरज नाही.

तारांकिताची खरी ताकद कशात आहे सांगू? पुरवणी प्रश्नात, म्हणजे उत्तर ऐकून लगेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात. इंग्रजांनी १८९२ साली कौन्सिलातल्या मेंबरांना प्रश्न विचारायचा हक्क दिला, पण पुरवणी विचारायचा नाही. सरकार सांगेल ते ऐकून खाली बसायचं. पुरवणी प्रश्न आला १९०९ साली, तोही ज्याचा मूळ प्रश्न त्यानेच विचारायचा. इंग्रजाला बरोबर माहीत होतं, पहिल्या प्रश्नाला काहीही उत्तर देता येतं, दुसऱ्याला अडचण होते.

पण पुरवणी विचारायला आमदाराच्या हातात काहीतरी पाहिजे ना. ते त्याला कोण देणार? आपणच. तोच डोलीचा रस्ता घ्या. समजा मंत्री म्हणाले, “रस्त्याची जागा वनखात्याची असल्याने काम सुरू करता आले नाही.” सभागृहात सगळे माना हलवतील, जंगल आहे बाबा, काय करणार. पण आमदाराच्या हातात आपली चिठ्ठी असली तर तो उठून विचारेल: २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी, विजेच्या तारा अशा १३ कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पर्यंतच झाडं तुटत असली तर. त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. अमुक गावच्या ग्रामसभेने अमुक तारखेला तसा ठराव केला, अमुक तारखेला तो कचेरीत पोचला, ही त्याची पोच. तो प्रस्ताव आज कोणाच्या टेबलावर आहे?

आता म्हणून दाखवा, प्रश्न उद्भवत नाही!

दाव्यांचंही तसंच. नुसतं ‘आमचे दावे नाकारले’ असं निवेदनात लिहिलं तर ‘पुराव्याअभावी’ असं उत्तर तयारच आहे. त्यापेक्षा विचारायला लावा की मुळशी तालुक्यातले किती दावे नाकारले, त्यातल्या किती दावेदारांना कारण लेखी कळवलं, आणि नियम १३ मध्ये गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा धरलाय, तर किती ठिकाणी तो घेतला? हा कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला.  आपली मुळशी अनुसूचित क्षेत्रात नाही, पेसा इथं लागू नाही, म्हणून ‘तुमच्याकडे हे लागू नाही’ असं कुणी सांगेल. पेसा लागू नाही हे खरं. पण वनहक्क कायदा पेसावर अवलंबून नाही, तो इथंही आहे.

मग हे विचारणार कोण? आपला मुळशी मतदारसंघ २००९ पासून राहिलाच नाही, आपल्याला भोरात घातलं. खासदारकीला आपण बारामतीत. पुणे जिल्ह्यात २१ आमदार आहेत आणि आदिवासींसाठी राखीव जागा त्यात एकही नाही. अख्ख्या राज्यात २५ आहेत. आपले लोक म्हणतात, मग आपलं कोण ऐकणार? पण आमदाराला प्रश्न विचारायला मतदारसंघाची हद्द नसते. नंदुरबारचा, पालघर-डहाणूकडचा आमदार मुळशीच्या वाडीवर प्रश्न विचारू शकतो. विधान परिषदेचा सदस्यही विचारू शकतो. आपल्या आमदाराकडे आधी जायचं, तो आपला हक्कच आहे. त्यांनी नाही घेतलं तर दुसऱ्याकडे, आणि दोघांनी घेतलं तर फारच चांगलं.

तो सत्तेतल्या पक्षाचा आहे, तो कशाला विचारेल, असंही म्हणू नका. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे लोकांचा पैसा मुंदडा नावाच्या शेठच्या कंपन्यांत कसा गेला, हे लोकसभेत लावून धरलं ते फिरोज गांधींनी. ते स्वतः सत्ताधारी काँग्रेसचेच. चौकशीला चागला आयोग बसला आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्र्यांना, टी. टी. कृष्णमाचारींना, राजीनामा द्यावा लागला. उलटं उदाहरणही आहे. २००५ च्या डिसेंबरात ११ खासदारांना काढून टाकलं, कारण प्रश्न विचारायला पैसे घेताना ते छुप्या कॅमेऱ्यात सापडले. त्यात आपल्या महाराष्ट्रातले दोघे होते. बघा म्हणजे, एका प्रश्नाला बाजारात किंमत आहे. शेठलोकांना ती कळते. आपण मात्र आमदाराकडे जातो ते लग्नपत्रिका द्यायला, नाहीतर देवळाच्या पत्र्यासाठी.

याच तालुक्यात, १९२१ च्या रामनवमीला, टाटाच्या धरणाविरुद्ध मावळे लोक आणि सेनापती बापट सत्याग्रहाला बसले. तेव्हाही मुंबईला कौन्सिल होतं. पण मत कुणाला, तर ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्याला. ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला मतच नाही. त्याच्या नावानं कौन्सिलात कोण काय विचारणार? आज मत आहे. पाच वर्षांनी एकदा देतो आणि मधली पाच वर्षं विसरून जातो.

मंत्री कधी कधी सभागृहात म्हणतात, “चौकशी करू, तीन महिन्यांत काम करू.” आपण पेपरात वाचतो आणि सोडून देतो. सोडायचं नाही. सभागृहात दिलेला शब्द हे आश्वासन धरलं जातं आणि ते पाळलं का हे बघायला आमदारांची आश्वासन समिती असते. तो शब्द कोणत्या दिवशी दिला, ते लिहून ठेवा. तशीच अनुसूचित जमाती कल्याण समिती असते. ती जिल्ह्यात फिरते, अधिकाऱ्यांची साक्ष घेते. ती आली की वाडी रंगवतात, हार आणतात. आपण हार घेऊन नाही, कागद घेऊन जायचं.

आणि उत्तर आलं की ते ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचं. हे कुणीच करत नाही. वाडीबद्दलचं उत्तर वाडीला कधी दिसतच नाही, मग ते खोटं आहे हे सांगणार कोण? ‘रस्ता पूर्ण’ असं लिहिलंय आणि रस्ता नाही, तर त्याच सभेत ठराव करा, फोटो काढा, सह्या-अंगठे घ्या आणि आमदाराला परत द्या. मंत्र्यांनी जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर आमदार हक्कभंग आणू शकतो. तिथपर्यंत सहसा जात नाही. पण इथल्या टेबलावर एकदा कळलं की वाडी उत्तर वाचते, तर पुढचं उत्तर लिहिताना पेन थांबतो.

आमदार कुणीच तयार झाला नाही तर माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या त्या कायद्यात कलम ८ मध्ये २०२५ पर्यंत असं लिहिलेलं होतं की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती साध्या माणसालाही नाकारता येणार नाही. ‘ही खाजगी माहिती आहे’ असं कुणी म्हटलं तर तेव्हा हे वाक्य दाखवता यायचं. अर्जाचा खर्च दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट.

आता एक शेवटचं, आणि हे बायांसाठी. झेडपी आणि पंचायत समितीच्या निवडणुकांत निम्म्या जागा बायांना आहेत. आपण म्हणतो, पंचायत समितीला काय असतं, गटार आणि दिवाबत्ती. असं नाही. वनहक्काच्या उपविभागीय समितीवर पंचायत समितीचे तीन सदस्य बसतात, जिल्हा समितीवर झेडपीचे तीन. आपला दावा मंजूर की नामंजूर, ते ठरतं त्या टेबलावर ही माणसं असतात. मत मागायला जी बाई येईल, जो दादा येईल, त्याला एवढंच विचारा: आमच्या तालुक्यातले किती दावे पडून आहेत, तुला माहीत आहे का?

दुपारच्या जेवणानंतर आपण वाडीवार बसू. प्रत्येक वाडीने एकच विषय घ्यायचा. रस्ता, पाणी, रेशन, दावे, जातीचा दाखला, जे सगळ्यात जास्त दुखतंय ते. अर्ज कधी दिला, पोच आहे का, ठराव कुठल्या तारखेचा, हे मागच्या टेबलावरच्या वहीत लिहायचं. पोच नसेल तर तसं लिहा, सोमवारी आपण मिळून पौडला जाऊ आणि अर्ज परत देऊ. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात आहे, आणि प्रश्न त्याच्या कितीतरी आधी द्यावे लागतात, म्हणून हातात दिवस थोडे आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरांना सांगा, सातवी-आठवीची पोरं बसलीत, त्यांच्याकडनं लिहून घ्या.

जिंदाबाद.