यंत्र उठते, सेवा उठत नाही



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आयुष्यभर गणित शिकविले. चुकलेले उदाहरण ते पुसू देत नसत. कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होते, ते आधी शोधावयास लावीत. त्यांच्या स्मरणार्थ बोलावयाचे, तर शोधाच्या या रीतीविषयीच बोलावे असे मला वाटले. त्यासाठी मी माझ्या व्यवसायातील एक प्रश्न निवडला आहे. लिनक्स या प्रणालीवर चालणारा संगणक सुरू होतो, पण त्यावरील एखादी सेवा मात्र सुरू होत नाही. असे का होते आणि त्याचे कारण कसे शोधावे?

विषय तांत्रिक असला तरी तो आपल्या दारातला आहे. बेळगाव-निपाणी परिसरात पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. वीज परत येते, दिवे लागतात, संगणकही उठतो. पण पतसंस्थेच्या खिडकीपुढची रांग हलत नाही. दवाखान्यात रुग्णाची जुनी नोंद उघडत नाही. निपाणी कर्नाटकात आणि तिला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात, अशा आपल्या भागात एका कागदासाठी माणूस दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. त्याची परतीची बस चुकली, तर दिवसाची मजुरी बुडते. यंत्रातील एक न उठलेली सेवा म्हणजे व्यवहारात इतके सारे असते.

प्रथम थोडा इतिहास. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने त्याच धाटणीचा लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. यंत्र सुरू झाले की हा गाभा आधी जागा होतो, आणि मग तो एकच कार्यक्रम सुरू करतो. त्याचा क्रमांक एक. पुढील सर्व सेवांना उठविण्याचे काम त्या पहिल्या कार्यक्रमाचे.

जुन्या पद्धतीत हा कार्यक्रम क्रमांक घातलेल्या आज्ञापत्रिका एकामागून एक वाचीत असे. काम सावकाश होई, पण क्रम उघड दिसे. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सिस्टिमडी नावाची नवी व्यवस्था पुढे आणली. फेडोराने २०११ साली, रेड हॅटने २०१४ साली आणि डेबियनने २०१५ साली ती आपल्या मुख्य आवृत्तीत स्वीकारली. या व्यवस्थेत शक्य तितक्या सेवा एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे यंत्र लवकर उठते. पण कोणी कोणाची वाट पाहावयाची, हे लिहून ठेवले नसेल तर गोंधळ होतो.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. आपल्या बक्षीस समारंभाच्या टिपणात ‘पाहुणे आवश्यक आहेत’ असे लिहिले, तर पाहुण्यांना निमंत्रण जाईल. पण ‘पाहुणे आल्यानंतर समारंभास आरंभ करावा’ असे लिहिले नसेल, तर पाहुणे वाटेत असतानाच बक्षिसे वाटून होतील! सिस्टिमडीमध्ये ‘रिक्वायर्स’ हा शब्द गरज सांगतो आणि ‘आफ्टर’ हा शब्द क्रम सांगतो. एकातून दुसरे आपोआप निघत नाही. आरंभी न उठणाऱ्या कितीतरी सेवांचे मूळ या भेदाच्या विस्मरणात असते.

आता शोधाची रीत पाहू. पहिला प्रश्न : सेवा उठण्याचा प्रयत्न करून पडली, की तिला कोणी हाकच मारली नाही? सेवा आज चालू असणे आणि ती दर आरंभी चालू व्हावी अशी नोंद असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एखाद्याने ‘स्टार्ट’ ही आज्ञा दिली, पण ‘एनेबल’ ही दिली नाही, तर सेवा त्या दिवशी उत्तम चालते आणि पुढच्या आरंभी गप्प राहते. तेथे बिघाड नाही, नोंदच नाही.

दुसरा प्रश्न : पडली असेल, तर पडताना काय म्हणाली? ‘सिस्टिमसीटीएल’ ही आज्ञा सेवेची स्थिती सांगते, आणि ‘जर्नलसीटीएल’ ही यंत्राची रोजनिशी उघडते. त्या रोजनिशीतून केवळ या खेपेच्या आरंभापासूनच्या नोंदी वेगळ्या काढता येतात. काही यंत्रांवर मात्र ही रोजनिशी तात्पुरत्या स्मृतीत असते आणि यंत्र बंद होताच पुसली जाते. म्हणून ती कायम राहील अशी तजवीज आधीच करून ठेवावी.

रोजनिशी इंग्रजीत असते, आणि मराठी माध्यमात शिकलेला मुलगा तेथेच बिचकतो. पण तिच्यात वारंवार येणारी वाक्ये मोजकी आहेत. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे हक्क नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे सांगितलेल्या जागी ती वस्तू नाही. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणजे त्या खिडकीवर आधीच दुसरा बसला आहे. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणजे साठवणीची जागा संपली. सिस्टिमडी काही कारणे आकड्यांनीही सांगते. २०३ म्हणजे कार्यक्रम चालविताच आला नाही. २१७ म्हणजे ज्या वापरकर्त्याच्या नावाने सेवा चालवावयाची, तो वापरकर्ता मिळाला नाही. २०० म्हणजे कामाच्या निर्देशिकेत शिरता आले नाही. विंडोजवर लिहून आणलेल्या आज्ञापत्रिकेत ओळींच्या शेवटी एक अदृश्य अक्षर राहते. तेवढ्यानेही २०३ हा आकडा येतो.

तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी : हाताने सुरू केल्यास सेवा चालते काय? चालत असेल, तर हाताने सुरू करणे आणि आरंभी सुरू होणे यांत फरक कोणता, एवढेच शोधावयाचे उरते. तो फरक बहुधा तीन ठिकाणी असतो. एक, वापरकर्ता : आपण यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालवितो, सेवा मात्र तिच्या मर्यादित नावाने चालते. दोन, परिसर : आपल्या खात्यात ठरविलेले मार्ग आणि चल आरंभीच्या सेवेला ठाऊक नसतात. तीन, वेळ : आपण आज्ञा देतो तेव्हा यंत्र उठून बराच अवधी झालेला असतो. पहिल्या कारणातून आणखी एक उपद्रव निघतो. सर्वाधिकाऱ्याच्या नावाने एकदा हाताने चालविल्यावर निर्माण झालेल्या फायली त्याच्याच मालकीच्या होतात, आणि पुढे सेवेला स्वतःच्याच वहीत लिहिता येत नाही. म्हणून घाईची दुरुस्ती कधीकधी नवा रोग जडविते.

वेळेचे उदाहरण माझ्या पाहण्यातले आहे. बेळगावातील एका संस्थेत वीज गेली की माहितीची मुख्य सेवा उठत नसे. तेथील कर्मचारी ती हाताने सुरू करी, ती निमूट चाले, आणि प्रकरण तेथेच मिटे. कित्येक महिने असेच चालले. एके दिवशी तो कर्मचारी रजेवर होता आणि दुपारपर्यंत लोक ताटकळले. मला बोलावणे आले, तेव्हा रोजनिशीत एकच वाक्य पुनःपुन्हा होते : ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’. सेवेला एका ठरावीक नेटवर्क पत्त्यावर बसण्यास सांगितले होते. पण ती उठे तेव्हा तो पत्ता यंत्राला मिळालेलाच नसे. पत्ता देणारा राउटर त्याच विजेवर चाले आणि संगणकापेक्षा उशिरा उठे.

सेवेच्या पत्रिकेत ‘नेटवर्क टार्गेटनंतर’ असे लिहिलेले होते. वाचणाऱ्याला ते पुरेसे वाटते. परंतु त्या शब्दाचा अर्थ नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढाच आहे. पत्ता हाती आला, असा नव्हे. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ निराळे आहे. त्याची गरजही लिहावी लागते आणि क्रमही. शिवाय ते ठरावीक मुदतीपर्यंतच थांबते. पडलेली सेवा पुन्हा उठविण्याची सूचनाही पत्रिकेत होती. पण सिस्टिमडीच्या मूळ ठरावाप्रमाणे दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की सेवेचा नाद सोडला जातो. दोन प्रयत्नांमधील अंतर मुळात सेकंदाचा दहावा भाग असल्यामुळे हे पाच प्रयत्न राउटर जागा होण्यापूर्वीच संपत. आम्ही क्रम नीट लिहिला, प्रयत्नांमधील अंतर तीस सेकंदांचे केले, बदललेली पत्रिका वाचण्याची आज्ञा यंत्राला दिली, आणि मग मुद्दाम राउटर आणि संगणक दोन्हींची वीज एकदम तोडून जोडली. सेवा तिसऱ्या प्रयत्नात आपली आपण उठली.

ही शेवटची पायरी सर्वांत अधिक टाळली जाते. दुरुस्ती झाली असे म्हणण्याचा अधिकार यंत्र पुन्हा बंद करून सुरू केल्यावरच प्राप्त होतो. आरंभीचा दोष आरंभीच तपासावा लागतो. तो लोकांना अडचण होणार नाही अशा वेळी, सुट्टीच्या दिवशी तपासावा. पण तपासावा अवश्य.

विद्यार्थी मित्रहो, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या बेळगावात आहे. पुण्या-बंगळुरास जाणारा महामार्ग निपाणीवरून जातो. तुमच्यातील अनेक जण या व्यवसायात जातील. लिनक्स शिकण्यासाठी परवान्याचे पैसे लागत नाहीत. जुना संगणकही चालतो. तोच यंत्र मानून त्यावर मुद्दाम एखादी सेवा बिघडवा, रोजनिशी वाचा आणि कारण वहीत मराठीतून लिहून ठेवा. मातृभाषेत मांडता आलेले कारणच खऱ्या अर्थाने समजलेले असते.

आणि माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज संस्था चालवितात, त्यांना एक विनंती. ज्याच्या हातांवाचून रोजची सेवा उठत नाही, अशा माणसाचे कौतुक करताना त्याला एवढे विचारा, की तो रजेवर असेल तेव्हा काय होईल? उत्तर त्याच्या डोक्यात असेल, तर ते यंत्राच्या पत्रिकेत आणि संस्थेच्या वहीत उतरवून घ्या. रांगेत उभ्या असलेल्या माणसाशी आपले हे देणे आहे.